वायफाय नाही, म्हणून फोन नाही?

मंडळी, लखनौच्या पोस्टिंगवरचा पुढचा लेख इमामबाड्यावर किंवा कबाबांवर येईल अशी तुमची अपेक्षा असेल, तर थोडं थांबा. त्यांचाही नंबर लागेल. आज एका फोनबद्दल लिहायचं आहे.

इथं आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. जानेवारीतलं धुकं असं, की सकाळी नऊ वाजता गाड्या दिवे लावून चालत होत्या. रुग्णालयात दाखल असलेल्या आमच्या एका जवानाला भेटून मी बाहेर पडत होतो. शस्त्रक्रिया विभागासमोरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. मानेभोवती मफलर, पायात चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट, पाठ ताठ. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "साहेब, हितं वायफाय मिळंल का? गावाला फोन लावायचा हुता."

सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगाही फौजेत, अजून लग्न व्हायचं होतं. त्याच्याकडे नवरा-बायको महिनाभरासाठी आलेले. मुलगा ड्यूटीवर पुढे गेला, रेंजच्या बाहेर, आणि नेमका इकडे मावशींच्या पित्ताशयाचा त्रास उफाळला. आदल्या संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि नीट पार पडली.

"गावाकडं मुलीला कळवलंत का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. आत नेतानाच डेटा संपला म्हणून मेसेज आला. तवापास्नं फोन बंदच हाय."

फोन बंद नव्हता. पडद्यावर रेंजच्या चारही दांड्या उभ्या होत्या. रिचार्जची मुदत शिल्लक होती, बोलण्याला मर्यादा नव्हती. मुलाने लखनौत आल्यावर नवं सिम घालून दिलं होतं. त्या पॅकमध्ये महिन्याचा मिळून मोजकाच डेटा होता, तो तेवढा संपला होता. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू ठेवलेलं. त्यामुळे मुलीने रात्रभर लावलेले व्हॉट्सॲप कॉल इथं पोचले नाहीत आणि जुन्या नंबरावर साधा फोन लावला तर तो बंद. आईला आत नेलंय, एवढंच तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "हवालदारसाहेब, साधा फोन लावा ना. त्याला वायफाय लागत नाही."

"पन नेट न्हाई तर तिचा नंबर कसा दिसंल?"

मी नंबरांची यादी उघडली. मुलीचा नंबर तिथंच होता. लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. हवालदारसाहेब सातारपर्यंत थेट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई बरी हाय गं! बरी हाय!" पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. बारा तास ती पोर जागी होती, बारा तास हे बाकावर बसून होते, आणि चार दांड्यांची रेंज खिशात पडून होती.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग साहेब, वायफाय लागतं तरी कशाला?"

मी तेव्हा दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देतो. आणि त्यासाठी लखनौहून चांगली जागा नाही.

हवालदारसाहेबांना मी हसलो नाही, तुम्हीही हसू नका. त्यांच्या नोकरीत 'वायरलेस' म्हणजे पाठीवरचा सेट, त्याची अँटेना आणि 'ओव्हर'. नंतर कुणीतरी सांगितलं की वायफाय हेसुद्धा वायरलेसच. मग मोबाइल म्हणजे वायफायवर चालणारा सेट, असा अर्थ कुणीही लावेल. रेंज, नेट, डेटा, वायफाय हे चार शब्द आपण घराघरात एकमेकांच्या जागी वापरतो. शब्द एक झाले की रस्तेही एकच वाटू लागतात. ते एक नाहीत, आणि कधीच नव्हते.

आता 1857 च्या लखनौत चला. 30 जूनला चिनहटची लढाई झाली आणि इंग्रज रेसिडेन्सीत कोंडले गेले. तीन वर्षांपूर्वी, 1854 मध्ये, कोलकाता ते आग्रा विजेची तार सुरू झाली होती आणि तिचं जाळं पसरत होतं. पण उठाव करणाऱ्यांनी तारा तोडल्या. रेसिडेन्सीतून बातमी बाहेर जायची ती माणसाच्या पायांनी. अंगद नावाचा एक पेन्शनर शिपाई वेढ्यातून ये-जा करायचा. पत्राची बारीक गुंडाळी करून पिसाच्या पोकळ देठात लपवलेली, आणि पकडला गेलाच तर मजकूर वाचता येऊ नये म्हणून इंग्रजी शब्द ग्रीक अक्षरांत लिहिलेले.

25 सप्टेंबरला हॅवलॉक आणि आउटरम फौज घेऊन रेसिडेन्सीत घुसले आणि तेही आतच अडकले. त्यांची एक तुकडी शहराबाहेर आलमबागेत राहिली. आज आलमबागेत मेट्रोचं स्टेशन आहे, रेसिडेन्सीपासून हा पल्ला पाच-सहा किलोमीटरचा. तेवढ्या अंतरात बोलणं अशक्य झालं होतं. मग आतल्या लोकांनी एका विश्वकोशात पाहून रेसिडेन्सीच्या छतावर सेमाफोर उभा केला. म्हणजे खांबाला बसवलेले हलते हात. हातांची प्रत्येक स्थिती म्हणजे एक खूण. तसाच दुसरा आलमबागेत.

इथं एक अडचण होती, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. खुणा दिसायला हवेतून वाट मिळाली, पण कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे दोन्ही टोकांना सारखंच ठाऊक हवं. ती यादी खुणांनी पाठवता येत नव्हती. ती आधी जीव धोक्यात घालून पायी जाणाऱ्या माणसानेच पोचवावी लागली. आजच्या भाषेत सांगायचं, तर दोन टोकांचं आधी 'सिंक' झालं, मग 'कॉल' सुरू झाला. आणि दोन्हींचे रस्ते वेगळे होते.

नोव्हेंबरमध्ये कॉलिन कॅम्पबेल मदतीला येत होता. त्याने शहरात कुठून शिरावं, कोणता कालवा कुठे ओलांडावा, कोणती गल्ली टाळावी, हे सेमाफोरच्या आवाक्याबाहेरचं. नकाशे आणि पत्रं तर पाठवायचीच होती, पण वाट माहीत असलेला माणूसही हवा होता. कॅव्हनॉ नावाचा एक मुलकी कारकून चेहरा काळा करून, देशी वेश घालून, कनौजीलाल या हेराबरोबर 9 नोव्हेंबरच्या रात्री गोमती ओलांडून निघाला आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पबेलच्या छावणीत पोचला. तो पोचल्याची खबर रेसिडेन्सीत कशी कळली? आधी ठरल्याप्रमाणे आलमबागेवर झेंडा चढला. एक झेंडा, एक अर्थ. आपण ज्याला मिस्ड कॉल म्हणतो, तो हाच.

आणि रस्ता तुटला की काय होतं, हे पुढच्या पंधरवड्यात कॅम्पबेललाच अनुभवावं लागलं. तो लखनौत गुंतलेला असताना कानपुरात त्याच्या पिछाडीवर तात्या टोपे चालून गेले. मूळचे येवल्याचे हे तात्या. त्यांनी ग्वाल्हेर कंटिन्जंटच्या पलटणी घेऊन जनरल विंडहॅमला शहराबाहेरून खंदकांत मागे रेटलं. कॅम्पबेलला कित्येक दिवस कानपूरहून एक ओळ आली नव्हती. 27 नोव्हेंबरला, बायका-मुलं आणि जखमी यांचा लांबलचक काफिला घेऊन परतताना, त्याला बनीच्या पुलापाशी दूरवरच्या तोफा ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी वाटेत एका हरकाऱ्याने चिठ्ठी दिली. मजकूर ग्रीक अक्षरांत, आणि पत्ता लखनौच्या रस्त्यावर जो कुणी अधिकारी भेटेल त्याच्या नावे. गंगेवरचा नावांचा पूल तात्यांच्या हाती पडण्याआधी गाठता यावा, म्हणून त्याला धावत सुटावं लागलं. पूल शाबूत मिळाला. पण मराठी वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की कानपूर ते लखनौ या जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या रस्त्यावर आपल्या तात्यांनी ब्रिटिशांच्या सरसेनापतीला काही दिवस अंधारात ठेवलं होतं.

आता याच रस्त्यावर 103 वर्षं पुढे या. 1960 मध्ये भारतात पहिल्यांदा एसटीडीची सोय सुरू झाली, ती मुंबई-पुण्यात नव्हे, कानपूर आणि लखनौच्या दरम्यान. त्याआधी परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. एक्स्चेंजला नंबर सांगायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं, आणि फोनशेजारी बसून राहायचं. मधली ऑपरेटर बाई दोरी खोचून दोन टोकं जोडायची, म्हणजे माणसाशिवाय रस्ता पुरा होत नव्हता. एसटीडीने तो मधला माणूस काढला. कानपूरच्या माणसाने स्वतःच्या हाताने आकडे फिरवले आणि लखनौत घंटा वाजली. इंग्लंडमध्ये ही सोय आदल्या दोनच वर्षांत, डिसेंबर 1958 मध्ये, ब्रिस्टलहून सुरू झाली होती. म्हणजे आपण फार मागे नव्हतो.

माझ्या पिढीला एसटीडी म्हणजे पिवळा फलक, काचेची खोली आणि लाल आकड्यांत पळणारं बिल. खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना रविवारी आम्ही बूथसमोर रांग लावायचो. घरी फोन नव्हता, गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानात होता. "पाच मिनिटांनी परत करतो, आईला बोलवा," एवढं सांगून ठेवायचा. सुट्टीवरून परत आलो की दोन रिंग देऊन बंद करायचं ठरलेलं असायचं. दुकानदार आईला सांगायचा, "पोचला बरं का." पैसा लागला नाही, शब्द बोलला गेला नाही, निरोप पोचला. आलमबागेच्या झेंड्याचंच हे भावंड.

31 जुलै 1995 ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला, आणि देशात मोबाइल सुरू झाला. त्या फोनला इंटरनेट ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजच नव्हती. फोन रेडिओ लहरींनी जवळच्या टॉवरशी बोलतो, टॉवर एक्स्चेंजशी, एक्स्चेंज दुसऱ्या टॉवरशी. बोलणं सुरू असेतो तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवलेली असते. एसएमएसही याच यंत्रणेच्या बाजूच्या पायवाटेने जातो, म्हणून तो आखूड. इंग्रजीत 160 अक्षरं, आणि आपल्या देवनागरीत एका वेळी 70.

इंटरनेट नंतर आलं, त्याच टॉवरवरून पण वेगळ्या फाटकातून. त्याला आपण 'डेटा' म्हणतो. वायफाय याहून निराळं. ते घरातल्या किंवा ऑफिसातल्या छोट्या डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतचं काही मीटरांचं अंतर. डब्याच्या मागे इंटरनेटची तार नसेल, तर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतील आणि एक निरोप जाणार नाही.

"पण आता फोर-जीवर बोलणंही डेटाच झालंय ना?" असं आमचे सिग्नल्सवाले मित्र विचारतील. बरोबर आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं ते फक्त फोर-जी घेऊन. त्यात आवाजाचेही तुकडे करून पाठवतात. पण ते तुकडे कंपनीच्या स्वतःच्या वाटेने, आवाजासाठी वेगळ्या राखलेल्या मार्गाने जातात, सार्वजनिक इंटरनेटवरून नाही. म्हणूनच तुमचा डेटा पॅक संपला किंवा तुम्ही मोबाइल डेटाचं बटण बंद केलं, तरी साधा कॉल लागतो. हवालदारसाहेबांचा लागला तसाच. उलट सोयही आहे. जिथे टॉवरची रेंज नाही पण वायफाय आहे, अशा तळघरात किंवा जाड भिंतींच्या खोलीत साधा कॉल वायफायवरून नेता येतो. ही वायफाय कॉलिंगची सोय आपल्याकडे डिसेंबर 2019 पासून येऊ लागली. ती जोडरस्ता आहे, मुख्य रस्ता नव्हे.

योगायोग असा, की त्याच डिसेंबर 2019 मध्ये लखनौने या फरकाची परीक्षा दिली. 19 डिसेंबरला शहरात हिंसाचार झाला आणि सरकारी आदेशाने मोबाइल इंटरनेट व एसएमएस काही दिवस बंद राहिले. साधे फोन मात्र लागत होते. त्याआधी काश्मीरमध्ये 5 ऑगस्टपासून सगळंच थांबलं होतं. तिथे 14 ऑक्टोबरला पोस्टपेड मोबाइलवर बोलणं सुरू झालं, इंटरनेट मात्र नाही. ते टू-जीच्या वेगाने आणि मोजक्या संकेतस्थळांपुरतं परतलं जानेवारी 2020 च्या शेवटी. मधल्या काळात, 4 डिसेंबरच्या सुमाराला, खोऱ्यातल्या असंख्य लोकांची नावं व्हॉट्सॲपच्या गटांतून एकाएकी गळू लागली. बाहेरचे नातेवाईक घाबरले. कारण साधं होतं. 120 दिवस जे खातं इंटरनेटशी जोडलं गेलं नाही, ते कंपनीच्या नियमाने आपोआप बंद होतं. माणूस फोनवर बोलत होता, आणि त्याच्या खात्याची मुदत संपली होती. बोलणं आणि सिंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

हे आदेश का निघाले, निघावेत की नाहीत, हा या लेखाचा विषय नाही आणि माझ्या गणवेशाचाही नाही. माझा मुद्दा घरच्या माणसाचा आहे. त्या दिवशी ज्याला ठाऊक असतं की साधा फोन चालू आहे, तो घरी कळवतो. ज्याला ठाऊक नसतं, तो बाकावर बसून राहतो.

मग सिंक म्हणजे नेमकं काय? तुमचे नंबर, फोटो, चिठ्ठ्या यांची एक प्रत फोनमध्ये आणि दुसरी दूर कुठल्यातरी संगणकावर असते. दोन्ही प्रती सारख्या करून घेणं म्हणजे सिंक. याला इंटरनेट लागतं. पण ते वायफायचंच हवं असं नाही, मोबाइल डेटाही चालतो. फोटो जड असतात म्हणून बरेच फोन 'वायफाय मिळेल तेव्हाच पाठवीन' असं ठरवून बसतात, आणि त्यावरून लोकांना वाटतं की वायफायशिवाय काहीच होत नाही. एकदा आलेली प्रत मात्र फोनमध्येच राहते. हवालदारसाहेबांच्या मुलीचा नंबर नेट नसतानाही दिसला तो म्हणूनच. घड्याळाची वेळसुद्धा टॉवरच सांगू शकतो.

आम्ही फौजेत शिकतो, की संपर्काचं एकच साधन ठेवू नये. सेट बंद पडला तर लाइन, लाइन तुटली तर रनर. जिथं टॉवरही नाही, अशा उंचावरच्या चौक्यांवर जवान उपग्रहावर चालणाऱ्या फोनवरून घरी बोलतात. 2017 च्या दिवाळीत त्या फोनचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आला, तेव्हा चौक्यांवर फराळाइतकाच आनंद झाला होता. तिथे ना वायफाय, ना डेटा, ना दांड्या. आवाज थोडा उशिरा पोचतो, एवढंच.

माजी सैनिक वाचकांसाठी पाच कामाच्या गोष्टी. घरातल्या मोठ्यांना व्हॉट्सॲपचं बटण शिकवलं असेल, तर हिरव्या रिसीव्हरचं साधं बटणही त्यांच्याकडून दोनदा दाबून घ्या. नवं सिम घेतलं तर तो नंबर त्याच दिवशी घरच्यांना एसएमएसने कळवा. डेटा संपल्याचा मेसेज आला तर फोन बंद समजू नका, रेंज बघा. 112 ला फोन लावायला इंटरनेट लागत नाही, हेही सांगून ठेवा. आणि पाच नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण बॅटरी संपली की सिंक झालेली प्रतही दिसत नाही.

मावशींना चौथ्या दिवशी घरी सोडलं. मार्चमध्ये मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. साधाच. "साहेब, गावी पोचलो. तुमचा लंबर पोराकडनं घेतला अन् डायरीत लिवला." मी म्हणालो, "व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तरी चाललं असतं, हवालदारसाहेब." ते म्हणाले, "डेटा हाय की. पन म्हटलं, बोलूनच सांगावं."

जय हिंद.